नगारा पुढे, मृदंग मध्ये, बुफर मागे : पाटसच्या रस्त्यावरील खर्जाचा इतिहास

१/
पुणे–सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यातील पाटस येथे एक वाट दक्षिणेकडे बारामतीला फुटते. ज्येष्ठाच्या अखेरीस संत तुकोबारायांची पालखी वरवंडहून येते आणि याच गावातून रोटी घाटाकडे वळते. उरलेले वर्षभर हा रस्ता उसाच्या, दुधाच्या आणि भाजीपाल्याच्या गाड्यांचा असतो. त्यांतील कितीतरी पिकअपच्या केबिनमध्ये सीटमागे एक काळी पेटी बसवलेली असते. कागदोपत्री तिचे नाव ‘सबवूफर’; रस्त्यावर तिला ‘बुफर’ म्हणतात.

२/
ही पेटी केबिनमध्ये नेमकी कुठे ठेवावी? सीटमागे, सीटखाली, की क्लीनरच्या पायाशी? तिचे तोंड पुढे असावे, मागे असावे, की खाली? वरवर पाहता हा सुतारकामाचा आणि चार इंच जागेचा प्रश्न आहे. परंतु चालत्या वाहनावर खर्जाला कोणती जागा द्यावी, हा प्रश्न नगारा हत्तीवर चढला तेव्हापासूनचा आहे. वेगवेगळ्या काळांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. ती उत्तरे ओळीने मांडली की एक सूत्र दिसते: खर्ज कोणासाठी वाजवायचा आहे, यावर त्याची जागा ठरते.

३/
आरंभी खर्जाची जागा दारात होती. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त बादशाही नक्कारखान्याची वाद्ये नोंदवली आहेत. त्यांत खोल आवाजाच्या दमाम्यांच्या सुमारे १८ जोड्या आणि नगाऱ्यांच्या सुमारे २० जोड्या येतात. १६७४ साली जेथे शिवराज्याभिषेक झाला, त्या रायगडाच्या राजसभेत सिंहासनासमोर प्रवेशद्वारी नगारखानाच उभा आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यातही दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे. राजा आत आणि नगारा दारावर, अशी ही रचना होती. नगाऱ्याचे श्रोते दाराबाहेरचे होते.

४/
या कामासाठी खर्जच का निवडला गेला? उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो आणि झाडी, भिंती, गर्दी यांना अडतो. खालच्या आवाजाच्या लहरी लांब असतात. ५० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर सुमारे ६.९ मीटर लांबीची असते. एवढी मोठी लहर माणसाला, बैलाला किंवा कमानीला वळसा घालून पुढे जाते. सनईचे स्वर ज्या अंतरावर पुसट होतात, तेथेही नगाऱ्याचा ठोका ओळखू येतो. सत्तेला आपल्या अस्तित्वाची वर्दी दूरवर द्यायची होती आणि ते काम खर्जाकडून होत होते.

५/
स्वारी निघाली की दारातला हा नगारा वाहनावर चढे. कधी तो हत्तीवर असे, कधी उंटाच्या किंवा घोड्याच्या दोन्ही बाजूंना लटकावलेला असे. मराठेशाहीत जरीपटका आणि नौबत बाळगण्याचा मान मोठ्या सरदारांना मिळे. येथे एक शब्द लक्षात ठेवावा. हत्तीच्या पाठीवरील बैठकीला ‘हौदा’ म्हणतात, आणि आज ट्रकच्या वा पिकअपच्या माल भरण्याच्या जागेलाही मराठीत ‘हौदा’च म्हणतात. वाहन बदलले तरी शब्द टिकला. पुढे खर्जही याच हौद्यात परतणार होता.

६/
राजाची नौबत देवाच्या वाटेवरही आली. तुकोबारायांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली. ज्ञानोबा आणि तुकोबा यांच्या पादुका तेव्हा एकत्र नेल्या जात. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. दोन्ही सोहळ्यांत चौघड्याची बैलगाडी पुढे चालते. नगारा वाजला की गावाला कळते, पालखी आली. चालत्या वाहनावरील खर्जाची पहिली जागा ही अशी आहे: सर्वांच्या पुढे आणि बाहेरच्या जगासाठी.

७/
त्याच वारीत खर्जाची दुसरी जागाही आहे. दिंडीची रचना पाहा. पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंगी, नंतर विणेकरी आणि मग तुळस घेतलेल्या माता-भगिनी. मृदंग टोकाला नसतो, कारण त्याला वर्दी द्यायची नसते. टाळ वाजवणारे शेकडो हात आणि चालणारे पाय यांना एका लयीत बांधणे हे त्याचे काम आहे. तो एका टोकाला गेला, तर दुसऱ्या टोकाच्या कानांपर्यंत ठोका उशिरा पोहोचेल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर लांब रांगेत शेवटच्या माणसाला तो एक दशांश सेकंद मागे ऐकू येईल. इतक्या फरकानेही ताल फाटतो. चालणाऱ्यांसाठीचा खर्ज म्हणूनच मध्ये असतो.

८/
मृदंगाचा खर्ज घडतो कसा? वाजवण्यापूर्वी मृदंगी डाव्या तोंडावर मळलेली कणीक लावतो. त्या वजनाने चामडे जड होते, सावकाश कंप पावते आणि स्वर खाली उतरतो. भार लावलेल्या चामड्याच्या या विद्येकडे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे लक्ष गेले होते. १९२० साली ‘नेचर’मध्ये आणि पुढे १९३४ साली सविस्तर निबंधात त्यांनी भारतीय तालवाद्यांच्या पुड्यांचा अभ्यास मांडला. शाईच्या भारामुळे चामड्यातून सुसंवादी स्वर कसे निघतात, हे त्यांनी दाखवून दिले.

९/
कणकेचा हा नियम ध्यानात ठेवला की सीटमागची पेटी समजणे सोपे जाते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली आजच्या धर्तीचा ध्वनिवर्धक मांडला. त्यात चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते, वेटोळ्याला कागदाचा शंकू जोडलेला असतो आणि विजेच्या चढउताराबरोबर शंकू पुढेमागे हलतो. बुफरचा शंकू रुंद आणि मुद्दाम जड ठेवलेला असतो. वजन वाढले की नैसर्गिक कंप खाली येतो. मृदंगी कणकेने जे साधतो, तेच बुफर जड शंकूने साधतो.

१०/
तरीही पुढची कित्येक दशके गाडीवरचा आवाज खर्जाविना राहिला. सिनेमाची जाहिरात, तमाशाची दवंडी आणि निवडणुकीचा प्रचार या सर्वांचे साधन जीपवर बांधलेला कर्णा हे होते. कर्णा माणसाचा आवाज लांब फेकतो, पण खर्ज त्याच्या तोंडात मावत नाही. ५० हर्ट्झचा स्वर नीट बाहेर काढायचा, तर कर्ण्याच्या तोंडाचा परीघ लहरीइतका, म्हणजे जवळपास ७ मीटर, असावा लागतो. त्याचा व्यास २ मीटरहून अधिक भरेल. असा कर्णा जीपवर बांधणार कोण? वाहनावर वीज आली, ध्वनिवर्धक आला, मात्र नगाऱ्याचा खर्ज हरवला.

११/
दरम्यान, वाहनातील आवाज आतल्या माणसासाठीही वाजू लागला होता. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीतील रेडिओ बाजारात आणला. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. १९८०च्या दशकात भारतात कॅसेट इतकी स्वस्त झाली की ट्रकच्या केबिनमध्येही टेप पोहोचला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून फिरला, तो मोठ्या प्रमाणात याच कॅसेटवरून. रात्रीच्या लांब फेरीत ते गाणे चालकाचे सोबती झाले.

१२/
या सोबतीत एक उणीव होती. डिझेल इंजिनाची घरघर, टायरचा घोष आणि वाऱ्याचा मारा यांचा जोर प्रामुख्याने खालच्या कंपांत असतो. त्यामुळे गाण्यातील खर्ज सर्वांत आधी त्यांत बुडतो. कानाचाही स्वभाव आड येतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रयोगांतून दाखवले की कान मधल्या पट्टीला तीक्ष्ण आणि खालच्या पट्टीला मंद असतो. आजच्या प्रमाण आलेखानुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा भासतो, तितकाच ५० हर्ट्झचा स्वर भासावा यासाठी त्याला सुमारे ७८ डेसिबल लागतात. ‘गाणं वाजतंय, पण ढोलकी लागत नाही’ या तक्रारीमागे असे शास्त्र होते.

१३/
मग मोठा स्पीकर नुसता सीटमागे टेकवला तर काय बिघडले? शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या कंपांत या दोन्ही लहरी कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि आवाज मरतो. पुढची बाजू मागच्या बाजूपासून तोडण्यासाठी पेटी लागते. एडगर विल्चर यांनी १९५४ साली घट्ट बंद, लहान पेटीत खोल खर्ज देणारा ‘एआर-१’ आणला. आत कोंडलेली हवाच शंकूला स्प्रिंगसारखी परत ढकलते, ही त्यांची युक्ती होती. तांब्याच्या बंद भांड्यावर चामडे ताणणाऱ्या नगारा-कारागिरांनाही कोंडलेल्या हवेची ही ताकद हातांनी ठाऊक होती.

१४/
ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली, आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी, पेटीचे आकारमान आणि स्पीकर यांचे गणित बसवून दिले. त्याआधी पेटी अंदाजाने बनत असे, आता ती आकड्यांनी बनू लागली. याच घडामोडींत एक कठोर नियम रूढ झाला, तो अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन मिळवायच्या तर तिसरी सोडावी लागते. पिकअपच्या केबिनमध्ये जागेची टंचाई असल्याने पेटी लहान असणे सक्तीचेच आहे. म्हणून तेथे जास्त वीज, म्हणजे जादा ॲम्प्लिफायर, लागतो.

१५/
आता केबिन पाहू. टाटांची ‘एस’ २००५ साली आली आणि लहान मालवाहू गाडी गावोगाव पोहोचली. पिकअपही त्याच काळात शेतमालाच्या वाहतुकीचा कणा झाल्या. यांतील बहुतेक गाड्या एका केबिनच्या असतात. एकच सीट, तिच्यामागे पत्रा आणि मध्ये काही इंचांची फट. समजा या फटीत १.२ मीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच आणि १२ सेंटिमीटर खोल पेटी बसली. बाहेरून तिचे आकारमान ५७.६ लिटर भरते. पण १८ मिलिमीटर जाडीच्या फळीतून ती केली, तर आत जेमतेम ३५ लिटर उरतात आणि आतली खोली साडेआठ सेंटिमीटरही भरत नाही. नेहमीचा १२ इंची बुफर तेवढ्या खोलीत मावत नाही.

१६/
कारागिरांनी यावर उतारा शोधला तो पाचरीच्या आकारात. सीटची पाठ तिरकी असते, म्हणून तिच्यामागची जागा वर अरुंद आणि खाली रुंद असते. पेटीही तशीच केली की खालच्या रुंद भागात स्पीकर बसतो. अमेरिकेतील पिकअपमध्ये हीच पाचरी पेटी रूढ झाली. दोन ओळींच्या केबिनमध्ये मागच्या सीटखाली, तोंड जमिनीकडे करून बसवलेली चपटी पेटी आली. दोन्ही ठिकाणी जागा ठरवली ती गाडीच्या पत्र्याने. कानाला विचारण्याची वेळ नंतर आली.

१७/
कानाला विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते? ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते आणि केबिन जेमतेम दीड मीटर. लहर केबिनमध्ये मावतच नाही. मैदानात आवाज एका जागेहून निघून दुसरीकडे जातो. केबिनमध्ये मात्र शंकूच्या प्रत्येक धक्क्याबरोबर सगळ्या हवेचा दाब एकदमच चढतो आणि उतरतो. दीड मीटरच्या केबिनमध्ये साधारण ११५ हर्ट्झच्या खाली हा परिणाम सुरू होतो. कंप निम्मा झाला की दाब, कागदावरच्या हिशेबाने, १२ डेसिबलने वाढत जातो. प्रत्यक्षात फटींमुळे वाढ कमी मिळते. तरी मैदानात मिणमिणणारा लहान बुफर केबिनमध्ये छातीवर ठोका देतो, त्याचे कारण हेच.

१८/
यातून निघणारा निष्कर्ष अनेकांना रुचत नाही: केबिनच्या आत, अगदी खोल खर्जापुरती, पेटीची जागा फारसा फरक पाडत नाही. सुमारे ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळतही नाही. सीटमागे, सीटखाली किंवा पायाशी, ठोका सगळीकडून आल्यासारखाच वाटतो. खिडकीची काच उतरवली, तर मात्र फरक लगेच जाणवतो. दाब बाहेर गळतो आणि खर्ज बसतो. वैशाखात काचा उघड्या ठेवून चालणाऱ्या गाडीत महागडी पेटीही म्हणूनच फिकी वाजते.

१९/
मग जागा पाहून ठरवायचे तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे शंकूपुढची मोकळी जागा. तो सीटच्या स्पंजला चिकटला, तर हवा बाहेर पडत नाही आणि शंकू कापडावर घासून फाटतो. दुसरी गोष्ट दारातल्या स्पीकरशी असलेला मेळ. ८० ते १०० हर्ट्झच्या सांध्यावर बुफर आणि दारातले स्पीकर एकच स्वर वाजवतात. एक पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढत असेल, तर ठोका पोकळ होतो. याची परीक्षा सोपी आहे. एकच गाणे लावून फक्त बुफरच्या दोन तारा उलटसुलट करून पाहाव्यात आणि ज्या जोडणीत ठोका भरीव वाटेल ती कायम ठेवावी. दिंडीत मृदंग आणि टाळ एका लयीत राहण्यासाठी जी काळजी घेतली जाते, तिचेच हे लहान रूप आहे.

२०/
तिसरी गोष्ट थरथर. पेटी मागच्या पत्र्याला टेकली की पत्राच वाजू लागतो आणि खर्जाऐवजी खडखड ऐकू येते. पेटीखाली रबर असावे, पण ती पक्की आवळलेली असावी. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे चालकाचा जीव. २० किलोची पेटी मोकळी ठेवलेली आहे आणि ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, असे समजा. त्या क्षणी पेटी सुमारे २८० किलो वजनाइतक्या जोराने पुढे झेपावते. क्लीनरच्या सीटवर दोरीने बांधलेली पेटी म्हणजे केबिनमध्ये घेतलेला धोंडाच होय.

२१/
सीटमागची पेटीही निर्धोक असतेच असे नाही. जाड पेटीसाठी सीट दोन घरे पुढे घेतली, तर चालकाचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकतात आणि क्लच-ब्रेकवर पाय नीट पडत नाही. जॅक आणि पाने याच फटीत ठेवलेले असतील, तर पंक्चर झाल्यावर रात्री रस्त्याकडेला आधी पेटी उपसावी लागते. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत ओढलेल्या जाड तारेला बॅटरीजवळच फ्यूज नसेल आणि ती पत्र्याच्या धारेवर घासली, तर आगीचे भय असते. जागा निवडताना कानाआधी गुडघा, जॅक आणि तार यांचा विचार व्हायला हवा तो यासाठी.

२२/
एवढे सारे जमून खर्जाला तिसरी जागा मिळाली: मागे, चालकाच्या पाठीशी. इतिहासात प्रथमच वाहनावरचा खर्ज वाहनातल्या एकट्या माणसासाठी वाजू लागला. नगाऱ्याला गावाचा कान हवा होता, मृदंगाला दिंडीचा. सीटमागच्या बुफरला फक्त चालकाची पाठ पुरते. हा चालक रात्री माल भरतो, पहाटे बाजार गाठतो आणि दिवसभर इंजिनाच्या घरघरीत बसतो. त्याच्या एकटेपणाची ही सोबत आहे. तिला केवळ शौक म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

२३/
खर्ज केबिनमध्ये मावेनासा झाला, तेव्हा तो हौद्यात गेला. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकांत पिकअपच्या हौद्यावर बुफरच्या भिंती रचल्या जाऊ लागल्या. हत्तीवरचा नगारा जणू लोखंडी हौद्यावर परतला. या वेळी त्याच्यामागे वर्दी देणारा राजाही नव्हता आणि लय धरणारी दिंडीही नव्हती. केबिनसारखी बंद हवा नसल्याने मोकळ्यावर तोच ठोका मिळवायला कितीतरी अधिक वीज आणि अधिक स्पीकर लागतात. आणि ज्यांना तो ऐकायचा नाही, त्यांच्या भिंतींतूनही तो शिरतो. लांब लहरीचा जो गुण नगाऱ्याच्या कामी आला, तोच येथे आजारी माणसाच्या आणि तान्ह्या बाळाच्या मुळावर येतो.

२४/
कायद्याने याची दखल घेतली. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंधन आले. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात शांततेचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. मात्र या मर्यादा ‘ए’ भारित डेसिबलमध्ये मोजल्या जातात. फ्लेचर–मन्सन यांच्या आलेखावरून आलेली ही मोजणी कानाप्रमाणेच खर्जाला कमी लेखते. ५० हर्ट्झला ती सुमारे ३० डेसिबल वजा करते. १०० डेसिबलचा निखळ खर्ज मीटरवर ७० दिसतो, आणि खिडकीची तावदाने थरथरत असतानाही आकडा शांत राहू शकतो.

२५/
केबिनच्या आतला खर्जही फुकट मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबल झाला की ही सवलत आठवड्याला ४ तासांवर येते. पाटसहून रोज पुण्याला खेप करणारा चालक चार तास दोन दिवसांतच संपवतो. शिवाय मोठा खर्ज आपल्याहून उंच आवाजांना झाकतो. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा, शेजारच्या दुचाकीचा हॉर्न, टायरमधून येणारी बदललेली घरघर, हे सारे त्याखाली दबते.

२६/
पाटसला याचे मोल अधिक आहे. पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी, येथूनच सुरू होतो. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पायवाट हा त्या आराखड्याचाच भाग आहे. एकाच रस्त्यावर अनवाणी चालणारा माणूस आणि माल घेऊन धावणारी पिकअप शेजारी शेजारी जातात. अशा रस्त्यावर चालकाचे कान हेही रस्त्याच्या सुरक्षेचे साधन आहेत.

२७/
तेव्हा पेटी कुठे ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर इतिहास आणि शास्त्र मिळून देतात. ती सीटमागे पाचरीसारखी, पत्र्यापासून अलग आणि बोल्टने आवळलेली असावी. शंकूला श्वास घेण्यापुरती मोकळीक हवी, तारेला फ्यूज हवा आणि सीट चालकाच्या गुडघ्यांना सोयीच्या घरात हवी. कोपऱ्यात एखादा इंच इकडे की तिकडे, हा वाद मागाहून घातला तरी चालतो. आवाज मात्र इतकाच असावा की रस्ता ऐकू येईल.

२८/
ज्येष्ठाच्या अखेरीस पाटसच्या वळणावर तिन्ही खर्ज एकत्र येतात. पुढे चौघड्याची बैलगाडी, मागोमाग दिंड्यांमधले मृदंग, आणि कडेला पालखीला वाट देऊन थांबलेली एखादी पिकअप. रोटी घाटाचा चढ चढण्यासाठी रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात, तोवर रस्ता दिंड्यांचा असतो. त्या वेळी पिकअपमधला चालक हात पुढे करून आपला टेप बंद करतो. त्याला कोणी सांगितलेले नसते. पुढचा नगारा आपल्यासाठीही वाजतो आहे, हे त्याला ठाऊक असते.